डिकीत पाणी कोठून आले?



काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात वर्धा-आर्वी रस्त्यावर आमच्या जुन्या मोटारीचे एक चाक पंक्चर झाले. झड लागलेली, दिवस मावळतीला आलेला. स्टेपनी काढण्यासाठी डिकी उघडली, तळाची मॅट उचलली आणि पाहतो तो काय, स्टेपनी पाण्यात बुडालेली! तिला जागेवर धरून ठेवणारा बोल्ट गंजून जाम झाला होता. तो काही केल्या फिरेना. शेवटी एका ट्रकचालकाने गाडी थांबवून मदत केली, तेव्हा कोठे आम्ही रात्री उशिरा घरी पोचलो. वाईट याचे वाटले की डिकीच्या कुलपाजवळ ओल येते हे आम्हांला आधीच माहीत होते. त्यासाठी दाराच्या कडेची रबरी पट्टी दोनदा बदलूनही घेतली होती. मग एवढे पाणी आले कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना वर्गात अनेकदा शिकवलेला एक धडा मला स्वतःला नव्याने शिकावा लागला. तो असा की, पाणी जेथे दिसते तेथूनच ते आत आलेले असते असे नाही.

कवेलूचे छप्पर आणि पाण्याचा पेला

आपल्या जिल्ह्यात कवेलूंची घरे अजूनही आहेत. सेवाग्राम आश्रमातील बापू कुटीचे कवेलूंचे छप्पर तर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. अशा घरात राहिलेल्या एखाद्या आजीला विचारा. थेंब जेथे टपकतो त्याच्या नेमके वर फुटके कवेलू क्वचितच सापडते, असे ती सांगेल. पाणी फुटक्या कवेलूतून शिरते, वाशाच्या खालच्या अंगाला चिकटून उताराने हात-दोन हात जाते आणि वाटेत एखादी गाठ किंवा खिळा आला की तेथे थेंब होऊन पडते.

वाशाला खालून चिकटून पाणी कसे जाऊ शकते? एक साधा प्रयोग करा. पाण्याने भरलेला पेला अगदी हळू कलता करा. धार सरळ खाली न पडता पेल्याच्या बाहेरच्या अंगावरून ओघळत जाईल. पाण्याचे रेणू आणि पेल्याचे रेणू यांच्यात आकर्षण असते. त्याला आसंजन म्हणतात. पाण्याचे रेणू एकमेकांनाही धरून असतात आणि त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. हाच पृष्ठताण होय. या दोहोंमुळे पाण्याचा पातळ थर कडेवरून वळतो आणि पृष्ठभागाच्या खालूनही चालतो. म्हणूनच गवंडी खिडकीवरील सज्जाच्या खालच्या अंगाला, कडेलगत, एक खाच ठेवतात. पाणी त्या खाचेपाशी अडते आणि भिंतीपर्यंत न जाता खाली पडते.

फट किती बारीक हवी?

फट बारीक असेल तर पाणी शिरणार नाही, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बारीक फट पाण्याला आत ओढून घेते. काचेच्या दोन स्वच्छ पट्ट्यांमध्ये एक दशांश मिलिमीटर अंतर ठेवून त्यांची कडा पाण्यात बुडवली, तर गणिताप्रमाणे पाणी सुमारे १५ सेंटिमीटर वर चढेल. अंतर १ मिलिमीटर केले तर ते जेमतेम दीड सेंटिमीटर चढेल. यालाच केशाकर्षण म्हणतात. रंग दिलेल्या पत्र्याला पाणी काचेइतके चिकटत नाही, त्यामुळे तेथे ते कमी चढते. पण फटीचे आतले तोंड बाहेरच्या तोंडापेक्षा खाली असेल, तर वातीतून पाणी उतरावे तसे ते मधला उंचवटा ओलांडून आत थेंब थेंब पडू लागते.

थेंब थेंब म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका. साधारण २० थेंबांचे एक मिलिलिटर होते. दर दोन सेकंदांना एक थेंब पडला, तर तासाला १८०० थेंब, म्हणजे ९० मिलिलिटर पाणी जमेल. दहा तासांच्या झडीत ते ९०० मिलिलिटर होईल. वर्धा परिसरात वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हा उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीच्या डिकीच्या एक चौरस मीटर झाकणावर वर्षभरात सुमारे १००० लिटर पाणी पडते. त्यातले शंभरावा भाग जरी आत गेले, तरी १० लिटर झाले.

धावत्या मोटारीत आणखी एक कारण भर घालते. मोटार हवा कापत पुढे जाते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब किंचित कमी होतो आणि चाकांनी उडवलेले तुषार मागच्या बाजूला ओढले जातात. ताशी ८० किलोमीटर वेगाला हवेच्या झोताचा दाब सुमारे ३०० पास्कल, म्हणजे ३ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. मागच्या बाजूचा फरक याहून कमी असतो, पण सैल पट्टीखालून तुषार आणि धूळ आत जाण्यास तेवढा पुरतो. उन्हाळ्यात डिकीत धूळ येत असेल, तर पावसाळ्यात तेथून पाणीही येईल, असे समजावे.

मे महिना फट करतो, जुलै ती दाखवतो

मोटारीत फटी पडतात तरी कशा? आपल्याकडे मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत जाते आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचा पत्रा त्याहून बराच तापतो. रबराचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या असतात. उष्णता, अतिनील किरण आणि ऑक्सिजन यांमुळे त्या साखळ्या तुटतात किंवा एकमेकींशी जखडल्या जातात. रबर कडक होते आणि दाबलेले ते दाबलेलेच राहते. दार बंद केल्यावर फुगून जागा भरण्याचा त्याचा गुण नाहीसा होतो. पत्र्यांच्या सांध्यांतील लांबी आणि दिव्यांमागची गॅस्केटही अशाच तडकतात.

शोध कसा घ्यावा?

आता प्रयोगाकडे वळू. तो घरातील मोठ्या माणसांच्या सोबतीने, मोटार आणि दिवे बंद ठेवून करावा. एक गोष्ट मात्र कधीही करू नये. पाणी कोठून येते ते पाहण्यासाठी कोणीही डिकीत बसून दार लावून घेऊ नये. आतून दार उघडत नसेल, तर कोंडलेली हवा आणि उष्णता जिवावर बेतते.

पहिली पायरी: डिकी पूर्ण रिकामी करावी. मॅट व स्टेपनी काढून तळ कोरडा पुसावा. पुसण्यापूर्वी ओघळांच्या जुन्या खुणा पाहाव्यात. आपली काळी माती पाण्याबरोबर वाहते आणि वाळली की तिची रेघ मागे राहते.

दुसरी पायरी: तळावर वर्तमानपत्र पसरून मोटार दोन दिवस छपराखाली उभी करावी. कागद कोरडा राहिला, तर ओल हवेतील बाष्पाची किंवा जुन्या भिजलेल्या मॅटची नव्हे, हे ठरले.

तिसरी पायरी: रबरी पट्टीवर खडूची पूड लावून दार बंद करावे व उघडावे. समोरच्या पत्र्यावर पांढरी रेघ उमटेल. रेघ जेथे तुटली असेल तेथे पट्टी टेकत नाही. कागदाचा कपटा दारात धरूनही हे कळते. दार बंद असताना तो सहज ओढला गेला, तर तेथे दाब नाही.

चौथी पायरी: आतल्या पत्र्यांवर आणि वायरींवर टाल्कम पावडर भुरभुरावी. मग बाहेरून नळीने पाण्याची मंद धार सोडावी. धार नेहमी खालून वर न्यावी. प्रथम बंपरच्या वरचा भाग, मग एक दिवा, मग दुसरा, मग दाराची कडा आणि शेवटी मागच्या काचेची कडा. प्रत्येक जागी पाच मिनिटे धार सोडून डिकी उघडून पाहावी. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्या जागांवरून वाहील आणि दोषी कोण ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू पडतो. मोबाईल फोनचा दिवा लावून तो चित्रीकरण करीत आत ठेवला, तर पहिला थेंबही टिपता येतो.

आमच्या मोटारीवर धार उजव्या दिव्यापाशी पोचली आणि उत्तर मिळाले. दिव्यामागच्या गॅस्केटला तडा गेला होता. तेथून शिरलेले पाणी कुलपाकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्याला खालून चिकटून ओघळत होते आणि कुलपाजवळ, जुडग्याला बांध होता तेथे, टपकत होते. हाच आमचा वासा आणि हाच त्यावरचा खिळा! आम्ही मात्र दोन वेळा थेंबाच्या वरची पट्टी बदलत बसलो होतो.

दुरुस्ती आणि तिची परीक्षा

दोष सापडला की दुरुस्ती बहुधा लहान असते. तडकलेली गॅस्केट बदलावी. पट्टी नुसती मळली असेल तर साबणाच्या पाण्याने धुवावी, कडक झाली असेल तर बदलावी. पत्र्याच्या सांध्यातील लांबी शक्यतो बाहेरून भरावी. आतून भरली तर पाणी सांध्यातच कोंडते, आणि लोखंड, पाणी व ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतोच. दाराभोवतीच्या पन्हळीची पाणी वाहून नेणारी भोके कधीही बुजवू नयेत, उलट ती काडीने साफ करावीत. स्टेपनीखालचे रबरी बूच काढून ठेवणे हा उपाय नव्हे. त्याने पाणी निघून जाते, पण येणे थांबत नाही.

शेवटी तीच धार, त्याच जागी, तितकाच वेळ पुन्हा सोडून पाहावी. कागद कोरडा राहिला तरच दुरुस्ती झाली असे म्हणावे.

तुमच्या घरी मोटार नसली तरी हरकत नाही. शाळेच्या गळक्या खोलीत, घरच्या माळवदावर किंवा सायकल ठेवण्याच्या छपरीत हाच शोध घेता येईल. थेंब पडतो ती जागा खडूने जमिनीवर आखा, पाणी शिरते ती जागा शोधा आणि दोहोंमधील अंतर मोजून आपल्या विज्ञानाच्या वहीत लिहा.