पडद्यावर ६२, हातात ५४

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या एखाद्या दहा-पंधरा माणसांच्या शॉपमध्ये स्टॉकचं सॉफ्टवेअर बसतं आणि काही महिन्यांतच मालक म्हणायला लागतो, ‘आपली वहीच बरी होती.’

सॉफ्टवेअर घेतलं की स्टॉक आपोआप जुळतो, हा यातला सगळ्यात महाग गैरसमज. समजा, २५ मिमीच्या गोल बारमधून ४८ मिमी लांबीच्या पिना काढायच्या आहेत. बार येतो किलोवर, पिना जातात नगावर. बिल ऑफ मटेरियल भरणारा ड्रॉइंग बघून ४८ टाकतो आणि मोकळा होतो. संगणक सांगतो, तीन मीटरच्या बारमधून ६२ पिना. पण पार्टिंग टूल ३ मिमी खातं, फेसिंगला १ मिमी जातो. म्हणजे एका नगाला ५२ मिमी लागले. वर चकमध्ये धरलेला शेवटचा १५० मिमीचा तुकडा वाया. हातात पडतात ५४. उरलेल्या आठ कुणी नेल्या नाहीत, कारण त्या कधी बनल्याच नव्हत्या. तरी बोलणी स्टोअरवाला खातो.

वजनानेही हेच दिसतं. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र शॉपमध्ये तोंडपाठ असतं. त्यानुसार हा बार मीटरला ३.८६ किलो, तीन मीटरला ११.५७. नगाला २१४ ग्रॅम धरायला हवेत, ४८ मिमीवरून येणारे १८५ नव्हेत. बोरिंग आणि तुकडे भंगारवाल्याला देताना वजन नोंदवलं, तर ताळा बसतो. तसंही जीएसटीच्या नियम ५६ प्रमाणे स्टॉकच्या हिशेबात भंगार आणि घट दाखवावीच लागते.

बारकोड लावला की चुका संपतात, हेही खरं नाही. बारकोड टायपिंग वाचवतो, बस्स. रात्रपाळीत ऑपरेटरने बार उचलला आणि स्लिप सकाळी आठवणीने लिहिली, तर स्कॅनर काय करणार? शिवाय तेलकट बारवर स्टिकर टिकत नाही. तिथे ग्रेडप्रमाणे टोकाला रंग लावायचा आणि कापायचं ते दुसऱ्या टोकाकडून, ही जुनी पद्धतच चांगली.

‘आपल्याला परवडत नाही’ म्हणणाऱ्यांच्या संगणकावर बहुधा टॅली असतंच. त्यात गोदाम, बॅच, बिल ऑफ मटेरियल सगळं आहे. वापर होतो फक्त बिलं फाडायला. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत. मात्र सर्व्हर आणि ते बसवून देणारा माणूस फुकट मिळत नाही.

आणि सॉफ्टवेअर आलं म्हणून मोजणी सुटत नाही. महागडे इन्सर्ट दर आठवड्याला मोजा, वॉशर वर्षातून एकदा मोजले तरी चालतील.

सगळ्यात दुर्लक्षित माल म्हणजे जॉबवर्कला गेलेला. गेटबाहेर गेला म्हणजे स्टॉकमधून गेला, असं धरलं जातं. प्लेटिंगला पाठवलेल्या पिना आपल्याच असतात. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार असा माल एका वर्षात परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर पाठवल्या तारखेला तो पुरवठा झाला असं मानलं जातं आणि कर व्याजासह बसतो. म्हणून प्रत्येक प्लेटिंगवाल्याच्या नावाने सॉफ्टवेअरमध्ये वेगळं गोदाम उघडावं. कोणत्या चलनाचे किती नग अजून तिकडे पडलेत, हे मग फोन न करता दिसतं.