‘दिसला नाही’ हेही लिहा : पाणथळीवरची पक्षीगणना आणि अनुपलब्धीचा विचार



आजचा विषय पाणथळीवरच्या पक्ष्यांचा आणि तिथे पहाटे उठून बिनपगारी काम करणाऱ्या माणसांचा आहे. बोलणारा मात्र तत्त्वज्ञानाचा मास्तर. तेव्हा पडद्यावर सुंदर सुंदर पक्षी बघायला मिळतील म्हणून कुणी आले असेल, तर आधीच सांगतो, मी न दिसलेल्या पक्ष्यांबद्दल बोलणार आहे. (हशा)

सोलापूर म्हटले की लोकांना ऊन आठवते, चादर आठवते, शेंगाचटणी आठवते. पाणपक्षी काही आठवत नाहीत. पण बघा, शहराच्या मधोमध सिद्धेश्वर तलाव आहे. विजापूर रस्त्याला कंबर तलाव आहे, ज्याला आपण आता संभाजी तलाव म्हणतो. तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा तलाव, म्हणजे जुना एकरुख तलाव. इंग्रजांच्या काळात, 1871 च्या सुमारास आदिला नदी अडवून तो तयार झाला. आणि तिकडे भीमेवर उजनी, 1980 साली पूर्ण झालेले धरण, ज्याचे फुगवट्याचे पाणी पार भिगवणपर्यंत जाते. यातली मोठी पाणथळ माणसाने बांधलेली आहे. ती शेतीसाठी आणि पिण्यासाठी बांधली, आणि पक्ष्यांनी ती आपली मानली.

मारुती चितमपल्ली याच शहरात 5 नोव्हेंबर 1932 रोजी जन्मले, आणि जून 2025 मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर, सालीम अलींचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांच्या मधला आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात बरीच मंडळी पहिल्यांदा दुर्बीण हातात घेतात. त्यातली काही जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेलाही येतात. आपल्याकडे ही गणना 1987 पासून होते, आणि ती जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवकांच्या जिवावर चालते.

आता या गणनेत नेमके काय करतात? ठरलेल्या जागी उभे राहायचे, एकाने मोजायचे, दुसऱ्याने लिहायचे. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून ‘दहा म्हणजे एवढे’ असा डोळ्याला अंदाज द्यायचा आणि मग दहा-दहाचे किंवा पन्नास-पन्नासचे तुकडे थव्यावर ठेवत जायचे. शेवटी कागदावर येते ते असे : वारकरी 240, थापट्या 85, शेकाट्या 32, चित्रबलाक 11.

इथवर सगळे ठीक. माझा प्रश्न पुढे सुरू होतो. त्याच कागदावर ‘पट्टकदंब हंस’ या नावासमोरची जागा रिकामी आहे. या रिकाम्या जागेचा अर्थ काय? हंस नव्हते? होते पण दिसले नाहीत? दिसले पण ओळखले नाहीत? की त्या बाजूला कुणी बघितलेच नाही? चारही गोष्टींसाठी कागदावर एकच चिन्ह आहे : काहीच नाही.

हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. जमिनीवर घट आहे, हे डोळ्यांनी कळते. पण जमिनीवर घट नाही, हे कशाने कळते? ‘नाही’ला रंग नाही, आकार नाही, मग ते डोळ्याला कसे दिसेल? नैयायिक म्हणाले, तेही प्रत्यक्षानेच कळते. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांनी मात्र सांगितले, की नाही, यासाठी वेगळे प्रमाण मानावे लागेल. त्याला अनुपलब्धी म्हणतात. अद्वैत वेदान्ताने पुढे हेच स्वीकारले. न दिसणे हे सुद्धा ज्ञानाचे साधन आहे, असा त्याचा अर्थ.

पण इथे एक अट आहे, आणि आजच्या व्याख्यानातून घरी न्यायची गोष्ट तीच आहे. नुसती अनुपलब्धी पुरत नाही, योग्य अनुपलब्धी लागते. म्हणजे ती वस्तू तिथे असती, तर ती नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही, कारण असता तरी दिसला नसता. बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीच्या परंपरेत यासाठी पिशाच्चाचे उदाहरण देतात. पिशाच्च मुळात अदृश्य मानलेले. मग ते दिसले नाही यावरून ते नाही, असे कसे सिद्ध होणार?

आता हे घेऊन हिप्परग्याच्या काठावर चला.

पहिली योग्यता पक्ष्याची. वारकरी हा काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी उघड्या पाण्यावर थव्याने तरंगतो. तो तिथे असला तर लहान मूलही दाखवील. तेव्हा वारकरी शून्य, या नोंदीला वजन आहे. पण फटाकडी पाणगवतात दडून चालते, पाणलावा चिखलाच्या रंगाचा असतो आणि पायाखालून उडेपर्यंत कळत नाही. टिबुकली तर तुम्ही दुर्बीण लावाल त्या क्षणी बुडी मारते. यांच्या शून्याला कमी वजन आहे. नान्नजच्या माळावरचा माळढोक घ्या. जवळजवळ मीटरभर उंचीचा पक्षी, मोकळे गवताळ रान. तो न दिसणे ही गंभीर गोष्ट आहे. तरीही तो दबून बसतो, दूरवर भटकतो, म्हणून एका सकाळचे न दिसणे पुरत नाही. पुन्हा पुन्हा जावे लागते.

दुसरी योग्यता वेळेची. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात. ते संध्याकाळी आणि रात्री शेतांत हरभरा, गव्हाचे कोंब चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. तुम्ही फार लवकर पोचलात आणि थवा परतण्याआधी निघालात, तर तुमच्या कागदावर शून्य आणि तळ्यावर तासाभराने शे-दोनशे हंस.

तिसरी योग्यता पाण्याची, आणि इथे उजनीचे उदाहरण घेऊ. उजनीची क्षमता सुमारे 117 टीएमसी आहे. त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणूनच वर्तमानपत्रात ‘उजनी मायनसमध्ये’ असे छापून येते. ऋण पाणी ही कल्पना तत्त्वज्ञांनासुद्धा सुचली नसती. (हशा) पण 2024 च्या उन्हाळ्यात आपण ती फार खोलवर गेलेली पाहिली. आता रोहित, म्हणजे अग्निपंख, हा उथळ पाण्यात उभा राहून चोचीने चिखलपाणी गाळून खाणारा पक्षी. धरण काठोकाठ भरलेले असताना त्याला उभे राहायला जागाच नसते. पाणी उतरू लागले, गाळ उघडा पडला, की तो येतो. तेव्हा भरल्या धरणावर रोहित दिसले नाहीत, याचा अर्थ रोहित घटले असा होत नाही. कागदावर पाण्याची पातळी लिहिली नसेल, तर पंचवीस वर्षांनी तो कागद वाचणारा फसणार. कंबर तलावावर जलपर्णी माजते तेव्हाही असेच. उघडे पाणी झाकले की बदके निघून जातात. जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी राहतात, पण पानांआड दिसेनासे होतात. एकाच जलपर्णीने एक खरे ‘नाही’ तयार केले आणि एक खोटे.

परंपरेने आणखी एक हत्यार दिले आहे. न्याय-वैशेषिकांनी अभावाचे प्रकार सांगितले. वस्तू तयार होण्याआधीचे तिचे नसणे, तो प्रागभाव. ती नष्ट झाल्यावरचे नसणे, तो प्रध्वंसाभाव. मुळात कधीच नसणे, तो अत्यंताभाव. थोड्या सैल अर्थाने हे तळ्याला लावा. सप्टेंबरमध्ये थापट्या बदक शून्य : ते अजून यायचे आहे. पेंग्विन शून्य : तो कधीच येणार नाही. आणि एखादी जात पूर्वी दरवर्षी यायची, आता पाच हिवाळे शून्य : इथे काहीतरी मोडले आहे. तिन्ही शून्ये कागदावर सारखीच दिसतात. कोणते कशाचे, हे एका दिवसाच्या नोंदीवरून कळत नाही. ते फक्त ओळीने लावलेल्या वर्षावर्षांच्या नोंदी सांगू शकतात.

यात धोका काय आहे, तेही स्पष्ट सांगतो. उद्या कुणाला तळ्याच्या काठावर भराव टाकायचा असतो. चौकशी होते, जुन्या नोंदी काढल्या जातात. नोंदीत पक्षी नाहीत. लगेच वाक्य तयार : ‘या ठिकाणी उल्लेखनीय पक्षीजीवन नाही.’ वास्तविक तिथे कुणी मोजायला गेलेच नव्हते. न पाहण्याचे नसण्यात रूपांतर झाले. उलटही घडते. एखादी जात गेलेली असते, पण ‘होती’ आणि ‘आता नाही’ हे दोन्ही कुणी लिहिलेले नसते. मग ती गेली, हे सिद्ध करायला पुरावाच उरत नाही. म्हणून प्रामाणिक शून्य हा तळ्याच्या बाजूचा साक्षीदार आहे.

आधुनिक पक्षीनोंदीत हे तत्त्व आले आहे. ई-बर्डवर यादी भरताना विचारतात, की तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी यात आहेत का? ‘हो’ म्हटले की ती पूर्ण यादी होते, आणि यादीत जो नाही तो दिसला नाही, असा अर्थ काढता येतो. 2023 चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे. त्यात 942 जातींचा विचार झाला. कोणती जात घटते आहे, हे सांगताना न दिसण्याच्या नोंदीच कामाला आल्या.

मग आपण शून्य लिहीत का नाही? कारण आपण मिळवायला जातो. नवा पक्षी, चांगला फोटो, चार लोकांत सांगायला काहीतरी. या गावात याबद्दल एक जुनी कथा आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे लोकांच्या हातांनी तळे खोदवले. शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात येते, की अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी सिद्धरामांना डिवचले, त्यांना ‘वड्डराम’, म्हणजे दगडमातीची कामे करणारा राम, असे म्हटले. खोदणारे चिडले. अल्लमांचा रोख खोदण्यावर नव्हता. हे काम माझे, हे पुण्य माझे, या चिकटण्यावर होता. तळे मात्र राहिले, आजही आहे. स्वयंसेवकाला यातून घेण्यासारखे हे, की ज्याला फक्त कमाई लिहायची आहे, त्याच्या हातून शून्य लिहिले जात नाही.

आता थोडे व्यवहाराचे. कागदावर पाच गोष्टी लिहा : सुरुवातीची आणि शेवटची वेळ, उभे राहण्याची जागा, हवा, म्हणजे धुके, वारा, ऊन, पाणी किती आणि जलपर्णी किती, मोजणारे किती जण. नेहमी येणाऱ्या जातींची यादी आधीच छापून घ्या, आणि नीट शोधूनही जी दिसली नाही तिच्यापुढे शून्य घाला. जिथे बघताच आले नाही तिथे ‘पाहिले नाही’ असे लिहा. शून्य आणि ‘पाहिले नाही’ यांची गल्लत करू नका. आणि मोजण्यासाठी थवा उडवू नका. उडालेला थवा दोनदा मोजला जातो, शिवाय त्या जिवांची दमछाक होते ती वेगळीच.

श्रोत्यांकडून प्रश्न : सर, आम्ही शाळेच्या मुलांना नेतो. काहीच दिसले नाही की मुले कंटाळतात. त्यांना काय सांगायचे?

उत्तर : ‘काहीच’ असे सहसा नसते हो. कावळा असतो, गायबगळा असतो, धोबी शेपूट हलवत असतो. तेही मोजायला द्या. प्रत्येक मुलाला एक जात वाटून द्या, म्हणजे ती जात त्याची. ज्याच्या वाट्याची जात दिसली नाही, त्याला विचारा, ‘कुठे कुठे बघितलेस? किती वेळ बघितलेस? असती तर दिसली असती का?’ या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला देता आली, तर त्याच्याच हाताने शून्य लिहून घ्या आणि खाली तारीख घाला. त्या मुलाने त्या दिवशी शास्त्रही केले आणि तत्त्वज्ञानही. आणि पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा घेऊन जा. आपले शून्य अजून शून्यच आहे का, हे बघायला ते मूल नक्की येईल.