दुसऱ्या पसंतीचे मोल

मुलांनो, आमदार आणि खासदार यांना जनता मत देऊन निवडते. राष्ट्रपतींची निवड मात्र हे निवडून आलेले आमदार व खासदार करतात.

आमदाराच्या मताचे मूल्य प्रत्येक राज्यात वेगळे असते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती. या संख्येला २८८ आमदारांनी भागा. आलेल्या उत्तराला १००० ने भागा. उत्तर १७५ येते. २०२२ च्या निवडणुकीत आपल्या आमदाराच्या मताचे मूल्य एवढेच होते. बुलढाणा जिल्ह्याचे आमदार ७. म्हणजे आपल्या जिल्ह्याची मते झाली १२२५.

या निवडणुकीत शिक्का मारत नाहीत. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितात. निवडून येण्यासाठी निम्म्याहून जास्त मते लागतात.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. त्यांच्या जागेसाठी ऑगस्टमध्ये चुरशीची लढत झाली. नीलम संजीव रेड्डी हे काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या, असे आवाहन केले. तिसरे प्रमुख उमेदवार आपल्या महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख होते. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी केंद्रातील अर्थमंत्रिपद सोडले होते.

पहिल्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. विजयासाठी ४,१८,१६९ मते हवी होती. कोणालाच तेवढी मिळाली नाहीत. मग देशमुख व इतर मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजली. त्यातील बहुतेक मते रेड्डींकडे गेली. गिरींची जवळजवळ ८८ हजारांची आघाडी झपाट्याने घटली. शेवटी गिरींना ४,२०,०७७ आणि रेड्डींना ४,०५,४२७ मते झाली. गिरी १४,६५० मतांनी जिंकले.

यातील ७३५० मते गिरींऐवजी रेड्डींना पडली असती, तर निकालच फिरला असता. १७५ च्या हिशेबाने ही अवघ्या ४२ आमदारांची मते! याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेस पक्ष दुभंगला.

मुलांनो, देशमुख हरले, पण त्यांच्या मतदारांचे मत वाया गेले नाही. त्यांची दुसरी पसंतीही मोजली गेली. म्हणूनच मतपत्रिकेवरचा प्रत्येक आकडा विचार करून लिहावा लागतो.