कथेंतील पात्राचें मन

गोष्ट सांगणारा एक व नुसते हुंकार देणारे दहा, ही रीत आतां मागें पडत चालली आहे. हल्लींच्या संगणकावरील कित्येक खेळांत कथा मध्येंच थांबते आणि नायकानें पुढें काय करावें, हें खेळणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें. तिचें बीज मात्र जुनें आहे. वेताळपंचविशींतील वेताळही कथा थांबवून राजास प्रश्न करतो. आणि 'काय केलें' यापेक्षां 'कोणत्या हेतूनें केलें' याचा विचार केल्यावांचून राजास उत्तर देतां येत नाहीं.

या भेदाचें उदाहरण पाहावयास पिंपरी-चिंचवडच्या वाचकांस दूर जावयास नको. आज मोटारींच्या कारखान्यांमुळें प्रसिद्ध असलेल्या चाकणांत संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. 1660 च्या जून महिन्यांत शाइस्तेखानानें त्यास वेढा घातला, तेव्हां किल्लेदार फिरंगोजी नरसाळा होता. मुलांस येथवर सांगून विचारावें, "तुम्ही फिरंगोजी आहां, लढाल कीं शरण जाल?" मुलें तत्काळ म्हणतील, "लढूं!" पण हें उत्तर मुलांचें झालें, फिरंगोजीचें नव्हे. मग सांगावें कीं, त्या वेळीं महाराज स्वतः पन्हाळ्यास वेढ्यांत अडकले होते; मदतीची आशा नव्हती; परंतु खानाचा एकेक दिवस येथें खर्चीं पडणें हीच स्वराज्याची सेवा होती. सुमारें 55 दिवसांनीं सुरुंगानें बुरूज उडाला व किल्ला द्यावा लागला. खानानें देऊं केलेली चाकरी मात्र फिरंगोजीनें नाकारली. किल्ला देणारा आणि चाकरी नाकारणारा मनुष्य एकच कसा, हें आतां मुलांस उमगूं लागतें.

खरी कसोटी पुढेंच आहे. परंपरा सांगते कीं, 1679 मध्यें भूपाळगडावर दिलेरखान चालून आला, तेव्हां तेथील किल्लेदार फिरंगोजीच होता. खानासोबत युवराज संभाजीराजे होते. फिरंगोजीनें गड सोडला. नुसती कृति पाहणारा म्हणेल, म्हातारपणीं धीर खचला. हेतु पाहणारा म्हणेल, धन्याच्या पुत्रावर तोफ कशी डागावी? तिसरा म्हणेल, गड राखण्याची आज्ञाही धन्याचीच होती. हा पेच सोडवून देण्याची घाई वडील माणसांनीं करूं नये.

पात्राची इच्छा, भय व निष्ठा जाणल्यावांचून केलेली निवड म्हणजे केवळ छापा-काटा होय. म्हणून मूल "मी असें करीन" म्हणालें कीं, "फिरंगोजी तसें कां करील?" एवढेंच विचारावें. दुसऱ्याच्या मनांत शिरून मगच त्याच्या कृतीचा न्याय करण्याची ही संवय, एका छपराखालीं नांदणाऱ्या आपणां सर्वांसही नित्य उपयोगी पडणारी आहे.