तार उपटून चार्जिंग कळत नाही

जुनी जावा किंवा येझदी चार्ज होत नसली की एक परीक्षा हमखास घेतली जाते. गाडी चालू ठेवायची आणि बॅटरीची तार उपटायची. इंजिन चालत राहिलं तर डायनॅमो ठणठणीत, बंद पडलं तर डायनॅमो गेला. कृपा करून हे थांबवा, कारण दोन्ही निकाल चुकीचे निघू शकतात.

आयडियल जावाने 1961 पासून म्हैसूरला बनवलेल्या जुन्या 250 सीसी गाड्यांचा डायनॅमो 6 व्होल्ट, 45 वॉटचा. इग्निशन कॉइलला त्यातला थोडाच करंट पुरतो. म्हणजे अशक्त डायनॅमोवरही रेस वाढवली की इंजिन चालत राहील आणि बॅटरी मात्र उपाशीच राहील. उलट मिनिमम रेसवर डायनॅमोचं व्होल्टेज इतकं कमी असतं, की कटआऊट त्याला बॅटरीशी जोडतच नाही; तेव्हा तार काढली तर उत्तम डायनॅमोची गाडीही बंद पडेल. शिवाय व्होल्टेजला आवरून धरणारी बॅटरीच सर्किटमधून गेली, की रेस देताच बल्ब उडतात आणि रेग्युलेटरचे पॉइंट जळतात.

खरी तपासणी मल्टिमीटरने, तीही बॅटरी जोडलेली ठेवून. लेड-ॲसिड बॅटरीचा भरलेला सेल साधारण 2.1 व्होल्ट देतो, तीन सेलचे 6.3. मध्यम रेसवर आकडा 7 च्या आसपास चढायला हवा. 7.5 च्या वर गेला तर दोष रेग्युलेटरचा. चढलाच नाही, तरी आर्मेचर लगेच रिवाइंडिंगला देऊ नका! आधी कार्बन झिजलेत का, कम्युटेटर काळा पडलाय का ते बघा. नव्याने रंगवलेल्या गाडीत रेग्युलेटरचा स्क्रू रंगावरच बसलेला असतो आणि अर्थिंगच मिळत नाही. तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करा आणि पुन्हा मोजा. नवाकोरा रंग खरवडायला जिवावर येतं, पण फुकटची दुरुस्ती हीच.

बाकीचे समज थोडक्यात. मोठी बॅटरी बसवल्याने चार्जिंग वाढत नाही. डायनॅमो तोच राहतो. मिनिममवर हेडलाइट मंद होणं हा या गाड्यांचा बिघाड नव्हे. बॅटरीतून उडतं ते पाणी, म्हणून ॲसिड नव्हे, डिस्टिल्ड वॉटर घाला. आणि रात्रभरात उतरणारी बॅटरी खराबच असते असंही नाही. कटआऊटचे पॉइंट चिकटले, तर बंद गाडीतही करंट उलटा डायनॅमोत जात राहतो.