मोंढ्यातून तोरण्याकडे

पहाटे ४.१५

उठल्या उठल्या पेलाभर कोमट पाणी आणि गुळाचा खडा. बूट, मोजे, डोक्याची बॅटरी रात्रीच दाराशी काढून ठेवलेली असते. डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा ही डोंगरातली शर्यत आहे, धावणारी मंडळी तिला ‘एसआरटी अल्ट्रा’ म्हणतात. तिच्या ५३ किलोमीटरच्या गटात मी नाव दिलंय. आता नोव्हेंबरचा शेवट, मोंढ्यातली सोयाबीनची आवक अजून ओसरलेली नाही. मी अडत दुकानात मुनीम आहे, त्यामुळे सरावाला पहाटेचे दोन-अडीच तास आणि संध्याकाळचा एक, एवढंच हाती लागतं. लांब पल्ला रविवारी. पण खरी तयारी कामाच्या दिवसांतच होते, असं माझं ठाम मत आहे.

४.४५

आमचं उदगीर समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटर उंचीवर आहे. तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे गावही जवळपास तेवढ्याच उंचीवर. म्हणजे डोंगराच्या पायथ्याएवढ्या उंचीवर आम्ही राहतोच, फक्त आमच्या डोक्यावर तोरणा नाही. त्याचा माथा १४०३ मीटर; वेल्ह्यातून निघालं तर साधारण सातशे मीटरची उभी चढाई. आमच्याकडे बालाघाटचं पठार सपाट पसरलेलं, आणि त्याची कड जिथे तुटते तिथेच काय तो उतार. उदगीरचा किल्ला याच कडेवर बांधलाय. बाकीच्या बाजूंना दरी आणि गावाच्या बाजूला खंदक. त्या कडेचा, किल्ल्यापासून जरा लांबचा एक तुकडा मी सरावाला धरलाय. गुरांच्या पायांनी पडलेली वाट, वर मुरूम, खाली सुटे दगड. उंची तीसेक मीटर. तोरण्याची एक चढाई भरून काढायला तो तेवीस-चोवीस वेळा चढावा लागतो. आज त्याच्या निम्म्यावर थांबायचं, कारण दिवसभर दुकानात उभं राहायचंय.

चढ मी पळत चढत नाही. हात गुडघ्यांवर टेकवून, लांब श्वास घेत, चालतच चढतो. उभ्या चढावर पळणं आणि झपाझप चालणं यांच्या वेगात फारसा फरक पडत नाही, पण पळण्यात दम फार लवकर खर्च होतो. डोंगरातल्या शर्यतीत पहिल्या फळीतले सोडले तर बाकीचे बहुतेक सगळे चढ चालतच जातात.

माझं सगळं लक्ष उतरण्यावर. सपाट मुलखातल्या माणसाला डोंगर चढताना नाही, उतरताना मारतो. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा सगळा भार पेलतो. सवय नसेल तर त्याचे बारीक तंतू फाटतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिन्यावरून खाली येताना कठडा धरावा लागतो. आणि शर्यतीत हे दुखणं दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही, राजगड उतरतानाच मांड्या थरथरायला लागतात आणि पुढे तोरणा उभा असतो. यावर उपाय एकच, आधीच थोडाथोडा मार खाऊन ठेवायचा. उतारावर एकदा नीट मेहनत झाली की पुढचे काही आठवडे त्याच मेहनतीने स्नायू कमी दुखतो, कमी फाटतो. म्हणून शेवटची दणदणीत उतरण शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी उरकायची आणि मग पायांना विसावा द्यायचा. माझ्यासाठी तो आठवडा हाच.

अंधारात बॅटरीच्या झोतात मुरूम सरकतो. गिरिभ्रमण करणारे याला घसारा म्हणतात. टाच रोवली की पाय घसरतोच. पावलं बारीक, गुडघे किंचित वाकलेले, अंग जरा पुढे झुकलेलं, नजर तीन-चार पावलं पुढच्या जागेवर. मागे रेलावंसं वाटतं, तो मोह आवरायचा. एक गोष्ट मला फार धीर देते. हा दगड आणि तोरण्याचा दगड एकच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. इथे पाय जे शिकतो ते तिथे लागू पडतं.

५.५५

उतरून मैदानाकडे येतो तेव्हा भरतीची पोरं आलेली असतात. आसपासच्या खेड्यांतून सायकलवर, मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून येतात. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर. पोरांना पूर्ण वीस गुण हवे असतील तर १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत. या मैदानावर त्या वेळेच्या आसपास पळणारी पोरं आहेत, आणि ती कुठल्याही मोठ्या शहरातल्या धावपटूंच्या गटात पहिल्या रांगेत उभी राहतील अशी आहेत.

मी त्यांच्याबरोबर सावकाश दोन फेऱ्या मारतो, पाय मोकळे व्हावेत म्हणून. आज एकाने विचारलं, “दादा, त्रेपन्न किलोमीटर पळून मार्क भेटतेत का?”

“नाही.”

“मग कशापायी पळायलाव?”

मी त्याला सांगितलं, पळायला आवडतं म्हणून, आणि डोंगर बघायचाय म्हणून. त्याने मान हलवली, पण पटलं नसावं. त्याचा दोष नाही. आमच्याकडे धावणं भरतीसाठी सुरू होतं आणि भरतीबरोबर संपतं. खुल्या प्रवर्गाला वयाची अट २८, मागासवर्गीयांना ३३. ती ओलांडली की इतकी वर्षं पहाटे उठलेला पोरगा मैदानाकडे फिरकत नाही. वर्दी मिळाली नाही म्हणजे पळणंही वाया गेलं, असं त्याला वाटतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. एवढे तयार पाय, एवढी शिस्त, आणि पुढे त्यांना बोलावणारं कोणी नाही. डोंगरातल्या शर्यतीत तिशी-चाळिशीची माणसं पुढे असतात, कारण तिथे वेगापेक्षा दम आणि धीर लागतो. हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं, म्हणून मी रोज दोन फेऱ्या त्यांच्यात मारतो.

७.१५

घरी. थंड पाण्याने पाय, मग न्याहारी. आईने धपाटे केलेत, वर दही. खाणं हा सरावाचाच भाग आहे आणि नवखे लोक नेमकं तेच शिकायचं सोडून देतात. पाच-सहा तासांच्या वर धावायचं तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि हलत्या पोटाने ती पचवायला हवीत. पोटालाही सराव द्यावा लागतो. शहरात त्यासाठी पाकिटातली जेल मिळतात. महाग असतात आणि मला ती झेपत नाहीत. खजूर, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू यांवर माझं नीट भागतं. पन्नास ग्रॅम गुळाचा खडा म्हणजे जवळपास एका तासाची सोय. पाण्यात मीठ-साखर: लिटरला सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागतो, हा धोका तहानेएवढाच खरा.

खाण्याची सोय आधी बघावी लागते, हे उदगीरच्या माणसाला इतिहासातूनही कळावं. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी इथे निजामाला हरवलं, मार्चमध्ये परतूरहून फौज उत्तरेकडे निघाली. शेकडो कोस चाललेली ती फौज पानिपतावर अडकली, रसद तुटली, आणि जानेवारी १७६१ मध्ये उपाशी पोटी लढाईला उभी राहिली.

९.३०

दुकान. ट्रॅक्टर, टेम्पो लागलेले. कट्टे उतरतात, हमाल सुया खुपसून नमुना काढतात, ओलावा मोजायचं यंत्र फिरतं. बारा टक्क्यांच्या वर आकडा गेला की शेतकऱ्याचा चेहरा पडतो, हमीभावाची मर्यादा तीच आहे. अकराच्या सुमाराला सौदे सुरू झाले की मान वर करायला फुरसत नाही. वजन, हमाली, तोलाई, पट्टी; आकडा चुकायला नको. यात पळण्याचा विचार आणत नाही. ज्याने वर्षभर राबून दहा कट्टे आणलेत त्याच्या पट्टीवर माझं पूर्ण लक्ष हवं.

पण डोळे उघडे असतात. आमच्याकडे साठीला आलेले एक हमाल मामा आहेत. ट्रकच्या हौद्यातून फळीवरून पाठीवर कट्टा घेऊन ते खाली येतात तेव्हा मी हातातली पेन्सिल थांबवून बघतो. पाऊल सगळंच्या सगळं टेकतं, गुडघा कधीही ताठ नसतो, फळी हलते तशी कंबर हलते. एकदा विचारलं, मामा, पाय कसा घसरत नाही? म्हणाले, “पायाकडं बगायचं नाय. फळी संपती तितं बगायचं.” उताराविषयी बरंच वाचलंय, त्यात याहून उपयोगी काही सापडलं नाही.

दुपारी २.००

डबा: ज्वारीची भाकरी, वरण, मेथी, शेंगदाण्याची चटणी. नंतर पाऊण तास थोडं सावरतं. त्या वेळात मोबाईलवर नकाशा उघडतो. सिंहगडावरून राजगड, राजगडाच्या संजीवनी माचीकडून डोंगराची धार धरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी वाट गिरिभ्रमण करणाऱ्यांना पाठ असते. मला ती कागदावर पाठ करावी लागते. कुठे झाडी संपते, कुठे दुपारचं ऊन अंगावर येतं, कुठे पाणी भरून घ्यायचं, ठराविक वेळेच्या आत कुठल्या ठाण्यावर पोचलं नाही तर बाहेर काढतात. धारेवर मध्येच पाय मुरगळला तर गाडी येऊ शकत नाही, खाली गावापर्यंत चालतच यावं लागतं. ठाणी पाठ करण्यापेक्षा खाली उतरणाऱ्या वाटा पाठ करणं मला जास्त गरजेचं वाटतं.

संध्याकाळी ६.३०

मोंढा आवरला. घराच्या जिन्यावर पाठीला पिशवी लावून चढ-उतार, मग ओट्यावरून एका पायाने सावकाश खाली उतरणं, दोन्ही पायांचं सारखं. शेवटी एका पायावर डोळे मिटून उभं राहणं, घोट्यासाठी. अर्ध्या तासात उरकतं.

आज मैदानावरच्या त्याच पोराचा फोन आला. त्याला अविनाश साबळेंबद्दल विचारायचं होतं. साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे, म्हणजे याच बालाघाटच्या दुसऱ्या टोकाचे. लहानपणी शाळेला मैलोगणती पायपीट, मग सैन्यात, सियाचीनला नेमणूक, आणि धावण्याचं नाव त्यानंतर झालं. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. पोराचा प्रश्न साधा होता, सैन्यात गेल्यावर पळायला शिकले, मग उशीर झाला नव्हता का? मी म्हटलं, तूच हिशोब कर.

रात्री ८.४५

पिशवी भरून तोलतो. शिट्टी, बॅटरी आणि जादा सेल, दीड लिटर पाणी, पट्टी, वाऱ्या-पावसाचं जाकीट, अंगाला गुंडाळायची चंदेरी पातळ चादर. डिसेंबरातल्या सह्याद्रीत जाकीट कशाला, असं विचारणारे असतात. त्यांना मी चीनमधल्या गान्सूची गोष्ट सांगतो. २२ मे २०२१, शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत, दुपारी अचानक वादळ, गारा आणि गोठवणारा वारा. २१ धावपटू थंडीने गेले. त्यांच्यात देशातले नामांकित खेळाडू होते, अंगावर पातळ बनियन आणि अर्धी चड्डी. जाकीट दोनशे ग्रॅमचं असतं. ते पिशवीतून काढायचं नाही, हा माझ्यापुरता नियम.

साडेनऊच्या आत झोपायचं, त्याआधी रविवारचं ठरवायचं होतं. देवर्जनजवळच्या हत्तीबेटावर पहाटे तीनला चढ-उतार सुरू करायचे आणि उजाडल्यावर थांबायचं. तो पोरगा येतो म्हणाला. त्याला लिहून पाठवलं: बॅटरी आण, नवे बूट घालू नकोस, दोन भाकऱ्या आणि गूळ बांधून घे, आणि घरी सांगून ये की दहापर्यंत परत येशील. पेट्रोलचे पैसे मी देतो म्हणालो, तर नको म्हणाला, बसस्थानकाच्या कोपऱ्यावर पावणेतीनला उभा राहतो.