एका जुवाखाली दोन बैल, लोड सेलवर एकच आकडा

बलप्रणाली, परिणामी बल, समतोल हा धडा बहुतेक जण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातच मागे टाकून येतात. मग रिसर्चमध्ये प्रयोग मांडायची वेळ आली की तोच धडा आडवा येतो. परभणीत त्याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापरावर अखिल भारतीय समन्वयित प्रकल्पाचं काम चालतं. त्यामुळे ‘बैल किती ओढतो’ हा आपल्याकडे गप्पांचा नाही, मोजायचा प्रश्न आहे.

समजा वखर चालू आहे. जुवाच्या मधोमध, जिथून ओढ वखराकडे जाते तिथे, एक लोड सेल लावला आणि आडवी ओढ ६०० न्यूटन आली. लगेच वहीत लिहिलं जातं : प्रत्येक बैल ३०० न्यूटन. हे कुणी सांगितलं? सेलनं तर नाही. सेल फक्त परिणामी बल सांगतो. ३००-३००, ३३०-२७०, ४००-२००, सगळ्यांची बेरीज तीच.

वाटणी कळायला जुवाचा फ्री बॉडी डायग्राम काढा. (‘जू तर चालतंय, मग समतोल कसला?’ असं विचारू नका. वेग एकसारखा असेल तर त्वरण शून्य, आणि समतोलाची समीकरणं लागू.) दोन मानांमधलं अंतर १२० सेंमी धरू. दोर बरोबर मध्यावर असेल तर दोन्ही भुजा ६०-६०, वाटणी निम्मी-निम्मी. आता तो जाणत्या बैलाकडे ६ सेंमी सरकवा. भुजा झाल्या ५४ आणि ६६. दोराच्या बिंदूभोवती आघूर्ण, म्हणजे मोमेंट, घ्या : जाणत्या बैलावर ३३०, दुसऱ्यावर २७० न्यूटन. बेरीज ६०० च, सेलला पत्ताही नाही. पण नव्या गोऱ्ह्याची ओढ दहा टक्क्यांनी कमी झाली. नव्या जोडीत गोऱ्ह्याला सांभाळायचं ते याच हिशेबानं.

आता जरा अवघड भाग. एक बैल पुढे गेला, जू तिरकं झालं. ओढ कुणावर जास्त? बांधावर विचाराल तर दोन्ही उत्तरं तितक्याच ठामपणे मिळतील. गणित म्हणतं, आधी दोर कुठे बांधलाय ते बघा. दोराचा बिंदू दोन्ही मानांना जोडणाऱ्या रेषेवरच असेल, तर जू तिरकं झाल्यावर दोन्ही भुजा सारख्याच प्रमाणात आखडतात आणि वाटणी बदलत नाही. तो बिंदू रेषेच्या १० सेंमी मागे असेल, तर जू २० अंश फिरल्यावर तो पुढे गेलेल्या बैलाच्या बाजूला सुमारे साडेतीन सेंमी सरकतो. पुढच्यावर ३१८, मागच्यावर २८२ न्यूटन. म्हणजे मागे पडलेल्याला थोडी उसंत मिळते आणि जोडी पुन्हा सरळ यायला मदत होते. बिंदू रेषेच्या पुढे असेल तर नेमकं उलट : जो दमलाय त्याच्यावरच भार वाढतो. माझ्या मते हे १० सेंमी प्रयोगाच्या नोंदीत बैलांच्या वजनाइतकेच ठळक लिहायला हवेत.

अजून एक सवय सोडा. साखळीनं ओढलं तर बल साखळीच्या दिशेतच असतं, म्हणून क्षैतिज भागासाठी कोनाचा कोसाइन चालतो. २० अंशांच्या साखळीत ६०० न्यूटन ताण असेल, तर प्रत्यक्ष ओढ ५६४, आणि २०५ न्यूटन मानेवर खाली दाबतात. पण लाकडी दांडी जुवाला थेट बांधलेली असेल तर बल दांडीच्याच दिशेत असेल असं नाही. दांडी अवजाराला पक्की असते, आणि अवजारावर मातीचा रेटा, त्याचं वजन आणि रुमण्यावरचा हात, सगळं एकदम काम करतं. तिथे दांडीचा कोन मोजून कोसाइन लावणं म्हणजे अंदाजच. आडवा आणि उभा, दोन्ही घटक वेगळे मोजावे लागतात.

जमलं तर दोन्ही बैलांची आडवी ओढ स्वतंत्र मोजा आणि मधला सेलही ठेवा. बेरीज जुळली नाही तर कॅलिब्रेशन किंवा सेलची दिशा तपासा. बेरीज जुळली पण गुणोत्तर भुजांशी जुळत नसेल, तर टेप घेऊन जुवाजवळ जा : मान शिवळांच्या मध्ये कुठेतरी सरकलेली असते, नाहीतर दोर रेषेवर नसतो.